देवूची दुसरी हाक

मुळशीच्या धरणावरच्या वाडीत देवूइतका मानी माणूस दुसरा नव्हता. पुण्याहून जंगल बघायला येणाऱ्या मंडळींना तो रानात फिरवायचा. कुणी जनावर न बघता परत गेलं, तर दारचा पाहुणा उपाशी गेल्यासारखा चेहरा करून बसायचा. एरवी बढाया अशा, की सांबरं जणू त्याला विचारूनच पाण्यावर येतात.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात हैबतराव नावाचे गृहस्थ बायको-मुलीला घेऊन आले. सकाळभर पायपीट झाली, पण साधा ससा दिसेना. मुलगी रडकुंडीला आली. हैबतराव हसत म्हणाले, पेशवे पार्कात निदान वाघ तरी दिसला असता. देवूला ते फार लागलं.

झाडाचं पान ओठांत धरून तो भेकराच्या पाडसाची हाक हुबेहूब काढायचा. शिकारीतली ही जुनी युक्ती. पण पाडसांच्या दिवसांत पान वाजवायचं नाही, असा वाडीचा दंडक होता. खोट्या हाकेला आई धावते आणि झुडपातलं खरं पाडस उघडं पडतं. निघताना त्याची बायको लिलाबाई कुत्रं बांधा म्हणाली होती, तेही यानं कानाआड केलं होतं. कुत्रं मागोमाग आलंच होतं.

देवूनं पान वाजवलं. पहिल्याच हाकेला भेकर धावत समोर आलं आणि मान उंचावून बघत राहिलं. तिघं पाहुणे हरखून गेले. त्यांच्या मागे उभ्या देवूनं पान टाकून ऐटीत मिशीवर हात फिरवला.

तेवढ्यात ओढ्याकडून तीच हाक आली. भेकर वळून तिकडं सुसाट पळालं. कुत्रं मघापासून जवळ नाही, हे देवूच्या आता ध्यानात आलं.

हैबतराव खूष होते. ही तर पहिलीपेक्षाही छान काढलीस, म्हणाले. देवूची कानशिलं शरमेनं तापली. त्यानं मान खाली घातली. पाहुण्यांना तो विनय वाटला.

ते वाडीत परतले तेव्हा कुत्रं अंगणात बसून तोंड चाटत होतं. लिलाबाईनं त्याचं लाल झालेलं तोंड पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"पान वाजवलं व्हय तुमी?"

देवूच्या आधी हैबतरावच कौतुकानं बोलले, "तर! चांगलं दोनदा."

लिलाबाई नवऱ्याकडं बघतच राहिली. देवूला वर बघवेना.

"म्या एकदाच वाजवलं," तो म्हणाला.