पेंटरकाकांच्या गॅलरीतली पाटी

माझ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहिलं, की समोरच्या बिल्डिंगचा तिसरा मजला सरळ दिसतो. तिथल्या गॅलरीत पेंटरकाका असतात. राहतात घरात, पण काकू गेल्यापासून मला ते दिसतात गॅलरीतच. शर्टाची कॉलर झाली की मी मान वर करते, आणि काका आहेतच. हात हलवणं नाही, हाक मारणं नाही. आम्ही दोघंही तसली माणसं नव्हे.

या रस्त्यावरच्या जुन्या पाट्या सगळ्या त्यांच्या हातच्या. माझीही. ती करून घेताना मी त्यांना कागदावर लिहून दिलं होतं, 'कपडे वेळेवर मिळतील.' आमचे हे म्हणाले, त्यात 'नक्की' टाका. काका म्हणाले, "कागदावर लिहून आणा." आता हे समोर उभे, मी समोर उभी, एक शब्द तर घालायचा, त्यासाठी कागद कशाला? पण नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक कागदावर देईल तेवढंच रंगवायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा खाक्या. शेवटी मी चडफडत कागद आणून दिला. मग फ्लेक्स आले, एका तासात छापून मिळायला लागले, आणि काकांचे ब्रश घरी बसले.

पुढं गुडघे गेले. तीन जिने उतरायचे म्हणजे काकांना दिवसभराचं काम. त्यातच मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. तिच्याच बिल्डिंगमधली तळमजल्यावरची जागा विकायला निघाली होती. मालक ओळखीचा, महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. काकांनी इथलं विकायचं, तिथलं घ्यायचं. वर मुलगी, खाली बाप. नातू शाळेतून आला की आधी खालचं दार वाजवणार. हे सगळं काकांनी मला माझ्या दुकानात बसून सांगितलं. एरवी चार शब्दांत आटपणारा माणूस, त्या दिवशी पंख्याखाली बसून बोलतच होता. नातवाच्या बुटांसाठी दाराशी फळी ठोकायची, इथपर्यंत ठरलं होतं.

पहिल्यांदा एक दलाल आला. पॉलिश केलेले बूट घालून घरभर फिरला आणि हॉलच्या भिंतीपाशी थांबला. त्या भिंतीवर काकांनी मुलीसाठी अक्षरं रंगवली होती, ती चालायला लागली तेव्हा. अख्खी भिंत, खालपासून वरपर्यंत. मुलगी त्यावरच वाचायला शिकली. काकूंनी मरेपर्यंत त्या भिंतीला कपाट लावू दिलं नाही. दलाल म्हणाला, "काका, हे आधी पांढरं करून टाका. असलं काही दिसलं की पार्टी पळते." काकांनी डोक्यात राख घालून घेतली. त्याला जिन्यापर्यंत पोचवून आले, आणि त्यांच्या गुडघ्यांकडे बघता ते काही थोडं नव्हतं. मला म्हणाले, "आपला हात जगन्नाथ. माझं घर मीच विकेन."

आणि पाटी रंगवली. काय पाटी होती. पांढऱ्यावर गडद निळी अक्षरं, त्याला बारीक लाल सावली. 'घर विकणे आहे.' खाली लहान अक्षरांत 'दलालांनी तसदी घेऊ नये.' गॅलरीच्या कठड्याला बांधली, तेव्हा चहावाला, शिंपी, मी, सगळे रस्त्यात माना वर करून उभे होतो. शिंपी म्हणाला, "या पाटीपायी घर दुप्पट भावाला जाईल बघा."

आठवडा गेला, दुसरा गेला. फोन नाही. काका मोबाइल गॅलरीच्या कठड्यावर ठेवून बसायचे. मुलगी रविवारी विचारायची, "बाबा, अजून कुणीच नाही?" मग म्हणायची, दलाल बघा. काका म्हणायचे, येतील. एक दिवस ते तीन जिने उतरून माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, जरा मला एक फोन लावा. वाजतोय का बघू."

मी लावला. त्यांच्याच हातात वाजला. ते ऐकत राहिले. मी बंद केला तेव्हा म्हणाले, "वाजतोय." आणि परत जिने चढून गेले. घर वाईट नव्हतं, जागा मोक्याची होती. मग माणसाला वाटणारच, की आपल्याकडेच कुणाला यायचं नाही.

महिना संपायला आला होता. एक बाई साड्या टाकायला आली, नवराही बरोबर. त्यांना घर हवंच होतं. नवऱ्यानं वर बघितलं आणि मला विचारलं, "पाटी छान आहे हो. पण फोन कुणाला करायचा?"

मी वर बघितलं. रोज बघत होते. रोज. घर विकणे आहे, दलालांनी तसदी घेऊ नये, आणि खाली नुसतं पांढरं. नंबरच नव्हता. अख्ख्या रस्त्यानं ती पाटी पाहिली, तिची तारीफ केली, आणि एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. मी त्यात पहिली.

त्या दोघांना बसवलं आणि मी तीन जिने चढले. काकांना म्हटलं, "पाटीवर नंबर कुठाय?"

ते गॅलरीत गेले, वाकून पाटीकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "नंबर गिऱ्हाईक आणतं, ताई. कागदावर." मग म्हणाले, "या वेळी कुणी आणलाच नाही."

मला रागवावं की रडावं कळेना. म्हटलं, ब्रश काढा, आत्ता लिहा. त्यांनी डबा उघडला, ब्रश भिजवला, आणि थांबले. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्याकडे आहे ना माझा नंबर?" काकू होत्या तोवर असले आकडे त्याच लक्षात ठेवायच्या. मी चहाच्या कागदी पुडीच्या मागं लिहून दिला. कागदावरून बघून त्यांनी स्वतःचा नंबर पाटीवर काढला.

साडीवाल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला मी तेव्हाच वर बोलावून घर दाखवलं. आवडलं. भिंत बघून बाई म्हणाली, ही अशीच ठेवू, आमच्या पोरीला उपयोगी पडेल. काकांचा चेहरा असा उजळला, की मी नजर दुसरीकडे वळवली. माझ्यासमोरच त्यांनी मुलीला फोन लावला. "झालं बघ," म्हणाले. "उद्या त्या मालकाला सांग."

मग ते नुसते ऐकत होते. "बरं," म्हणाले. "नाही गं, तुझी काय चूक." पुन्हा "बरं."

काकांनी नंतर सांगितलं, तळमजल्याच्या मालकानं आदल्याच दिवशी दुसऱ्याला शब्द दिला होता. इथं कुणी बघायलाही येत नाही म्हटल्यावर तो तरी किती थांबणार? मुलगी रडत म्हणाली, आमच्यातच या. आमच्यात म्हणजे दोन खोल्या, त्यात सासू, सासरे, नातू आणि ती दोघं. काका म्हणाले, "मी काय भिंतीला टांगून घेऊ स्वतःला?" ती हसली असावी, कारण तेही थोडे हसले. साडीवाल्या जोडप्याला त्यांनी स्वतःच नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, अहो, दुसरीकडं कुठं तळमजला बघू. म्हणाले, "तळमजला नको होता मला. वर मुलगी हवी होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवरची अक्षरं पांढऱ्या रंगानं बुजवली. निळी गेली, लाल सावली गेली, दलालही गेले. नंबर तेवढा राहिला. मला वाटलं, विसरले. विचारलं तर म्हणाले, "काहीतरी लिहीन वर. सुचलं की."

अजून सुचलेलं नाही. गॅलरीला पांढरी पाटी आहे आणि तिच्यावर नुसता नंबर. आता मात्र फोन येतात. रस्त्यानं जाणाऱ्यांना राहवत नाही. कसला नंबर, काय विकताय, विचारतात. मला इथून ऐकू येत नाही, पण काका कठड्याला टेकून बराच वेळ बोलताना दिसतात. एकदा मी विचारलं, काय सांगता लोकांना? म्हणाले, "सांगतो, विकायचं काही नाही. तुम्ही कुठून बोलताय?" काही लोक लगेच ठेवतात. काही सांगतात.

परवा दुपारी दुकानात कुणी नव्हतं. आमचे हे जाऊन आता वर्षं झाली, मुलं आपापल्या जागी. मी इस्त्री उभी केली, वर बघितलं, आणि पाटीवरचा नंबर वाचून फोन लावला. माझ्या फोनमध्ये तो होताच, तरी पाटीवरून वाचून लावला.

"काका, मी समोरून बोलतेय."

"माहीत आहे. दिसताय मला."

"काही काम नव्हतं."

"असू दे," ते म्हणाले.

मग बराच वेळ आम्ही दोघं फोन कानाला लावून एकमेकांकडे बघत उभे होतो. गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी ठेवला.