दादींचा भाव

भाव सांगितल्यानंतर दादी एक शब्दही बोलत नसत. गिऱ्हाईक हसायचं, कपाळाला आठ्या घालायचं, उठल्यासारखं करायचं. दादी मात्र समोरच्या ड्रेसची सावकाश घडी घालत बसून राहायच्या. ती शांतता मला सोसायची नाही. मग गिऱ्हाईकच म्हणायचं, "बरं, रंग कुठले आहेत?"

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचं लग्नाच्या कपड्यांचं दुकान होतं. सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात; त्यांना सगळा बाजारच दादी म्हणायचा. मी अंबरनाथ पश्चिमेची, बी.कॉम. होऊन घरात बसलेली. बाबा कारखान्यातून निवृत्त झाले आणि मी दादींकडे कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात एका बाईंना मी म्हटलं, "दोन हजार. पण करू ना थोडं कमी." त्या गेल्यावर दादी शांतपणे म्हणाल्या, "बेटा, तिने तर तोंडही उघडलं नव्हतं. तू स्वतःशीच घासाघीस केलीस."

दुकानाच्या दारात एका पुतळ्यावर चाळीस हजारांचा घागरा होता. भाव ठसठशीत लिहिलेला. तो कुणीच घेत नसे. एकदा मी विचारलं, "दादी, हा काढून टाकू या का? उगाच जागा अडवतोय."

"तो विकायला नाही ठेवला. तो बाकीच्यांना स्वस्त करायला ठेवलाय."

मला ते खरं वाटलं नाही. पुढे एकदा घागरा धुवायला गेला आणि पुतळा रिकामा राहिला. त्या दिवशी आठ हजारांच्या घागऱ्याला जो तो म्हणे, "बापरे, केवढा महाग." कपडे तेच, भाव तेच, विकणारी मीही तीच. संध्याकाळी मीच दादींना विचारलं, तो घागरा परत कधी येणार. त्या चहा पीत होत्या.

पण त्यांची खरी उंची मला कळली ती एका मायलेकींमुळे. मुलीचा हात मरून रंगाच्या एका घागऱ्यावरून निघत नव्हता. आईने भाव विचारला आणि पर्स पुन्हा काखेत दाबून धरली. "दुसरं काही दाखवा," ती म्हणाली. दादी घागरा उचलून आत गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या कात्रीने खालच्या काठाचे दोन मोती तोडत होत्या. बाहेर येऊन त्यांनी तोंड पाडलं. "ताई, माफ करा, हा पीस खराब निघाला. पुऱ्या भावात मला देता येणार नाही. हजार कमी द्या."

आईने काठ निरखून पाहिला. तिचा आवाज एकदम बदलला. "मोती निघालेत म्हणजे मला ते बसवून घ्यावे लागणार. आणखी दोनशे कमी करा." दादींनी खूप कुरकुर करून दोनशे सोडले. आई ताठ मानेने पायऱ्या उतरली.

"नुसतीच सूट का नाही दिली?" मी विचारलं.

"तर तिला वाटलं असतं, मी तिची पर्स बघितली. आता घरी सांगेल, दुकानदारणीला कसं पकडलं."

लग्न होऊन मी बदलापूरला आले आणि घराखालच्या गाळ्यात स्वतःच शिवलेल्या ड्रेसचं दुकान टाकलं. नवीन दुकान म्हणून भाव अगदी कमी ठेवले. बायका यायच्या, कापड चोळून बघायच्या आणि "एवढ्या स्वस्तात? रंग जाईल" असं कुजबुजत निघून जायच्या. भाडं निघेना. नवरा म्हणाला, बंद कर. शेवटी मी दादींना फोन केला.

त्या मुलाच्या गाडीतून आल्या. किती वाळल्या होत्या. शिवण उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "काम एवढं चांगलं आणि भाव असा, जसं काही चोरीचा माल आहे. तुझाच विश्वास नाही, तर बाईचा कसा बसेल?" जवळजवळ दुप्पट भावाच्या चिठ्ठ्या त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतल्या.

मग त्यांनी नातीसाठी एक निळा ड्रेस उचलला. "केवढ्याला?"

"दादी, तुमच्याकडून कसे पैसे घेऊ?"

"माझ्याकडे मागायला लाजलीस, तर परक्याकडे काय मागशील? बोल."

मी नवा भाव सांगितला. त्यांनी नाक मुरडलं, ड्रेसमध्ये दहा खोडी काढल्या, समोरच्या दुकानात निम्म्यात मिळतो म्हणाल्या, पायरीपर्यंत जाऊन परत आल्या. मी घामाघूम झाले होते, पण भाव सोडला नाही. त्यांनी पूर्ण पैसे गल्ल्यावर ठेवले आणि माझ्या गालाला हात लावला.

दोन महिन्यांनी दादी गेल्या. भेटायला गेले तेव्हा त्यांची सून म्हणाली, डॉक्टरांनी त्यांना घराबाहेर पडायचीही मनाई केली होती. बदलापूरला त्या हट्टाने आल्या होत्या. "त्या दिवशी घरी आल्यापासून येईल त्याला तो ड्रेस दाखवायच्या," ती म्हणाली. "सांगायच्या, बदलापूरला माझ्या मुलीचं दुकान आहे. मलासुद्धा एक रुपया सोडला नाही तिने."