लीन म्हंजे वाकलेला

कोल्हापुरात शाहूपुरीत कामाची पद्धत सुधारायचा दोन रविवारांचा सर्टिफिकेट कोर्स होता. तिथं माझ्या शेजारी कागलकडच्या फाउंड्रीतले एक गृहस्थ बसायचे. पन्नाशीचे, नखांत काळी वाळू. मी त्यांना पावणंच म्हणायचो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पहिल्या रविवारी सरांनी विचारलं, "लीन म्हणजे काय?" मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, उत्तर पाठ होतं. पण पावणं आधी उठले.

"लीन म्हंजे नम्र की सर. वाकलेला."

वर्ग हसला. सर म्हणाले, "अहो, हा इंग्रजीतला लीन. कामातलं फालतू तेवढं काढून टाकायचं."

"व्हय, पर वाकल्याबिगर ते दिसतंय कुठं? मी भुईवर बसून बघितलं तवा कळलं, आमची माणसं एकच साचा दोनदा उचलत्यात."

हसू थांबलं. माझ्या वहीत, मी नोकरी करतो त्या दूध संस्थेच्या कामाचा सुबक तक्ता होता, खुर्चीत बसून काढलेला. तोच दाखवून मला पास व्हायचं होतं.

सोमवारी सकाळी मी दूध घालणाऱ्यांच्या रांगेशेजारी उकिडवा बसलो. फॅट बघून झाल्यावर प्रत्येक जण नुसत्या चिठ्ठीसाठी दारापर्यंत जाऊन किटली घ्यायला परत आत येत होता. इतकी वर्षं मला हे दिसलं नव्हतं! मी चिठ्ठीचं टेबल लगेच उचलून आत आणलं.

पुढच्या रविवारी नवा तक्ता सरांच्या आधी पावण्यांना दाखवला.

"रांगेतली माणसं काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"एक मावशी म्हणाल्या, इतकी वर्सं झोपला हुतासा व्हय?"

पावणं खदखदून हसले. "मग तुमी पास हायसा की."