जावईबापूंची मोटार

अण्णासाहेब गेल्याची बातमी मला वीजघरात, पाळीवर असताना कळली. ठाण्याहून आलेल्या त्यांच्या कारकुनाने डोळे पुसत सांगितलं, की कोर्टात उलटतपासणी घेता घेताच ते खाली बसले ते उठलेच नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा गेला होता. ताईसाठी वाईट वाटलं, पण अण्णासाहेबांसाठी डोळ्यांत पाणी आलं नाही. महिना उलटून गेला, अजूनही आलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी ‘जवळच्या नातेवाइकाच्या चार आठवणी’ मागितल्या आहेत आणि शोकसभेत वकील मंडळींनी गायलेल्या गोडव्यांत भर घालण्याची माझी इच्छा नाही. एका वक्त्याने तर त्यांना यंत्रविद्येचे जाणकार ठरवून टाकलं... मी खुर्चीत नुसता चुळबुळत बसलो होतो. ताई आतल्या दाराशी बसून सगळं ऐकत होती, नाहीतर मी तिथल्या तिथे उठून बोललो असतो.

साहेब लोक देश सोडून निघाले त्या धांदलीत अण्णासाहेबांनी एका गिरणीतल्या साहेबाची वापरलेली मोटार घेतली. गाडी वाईट नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे सगळं खापर त्या मुक्या गाडीवर फुटलं. वाईट होती ती मालकाची मिजास. वकिली चांगली चालत होती, जीभ सुरीसारखी होती, आणि जगातली कुठलीही गोष्ट आपण ठासून बोललो की वठणीवर येते अशी या गृहस्थांची पक्की समजूत होती. मेकॅनिकला बॉनेट उघडू देणं म्हणजे त्यांना स्वतःचा पराभव वाटे. सगळी दुरुस्ती स्वतः करायची, तीही रविवारी सकाळी, आळीतली मंडळी येता-जाता थांबून बघतील अशा वेळी. ताईने साबण आणि पंचा घेऊन शेजारी उभं राहायचं, आणि अण्णासाहेबांनी गाडीखालून जाहीर व्याख्यान द्यायचं. बाहेर आल्यावर कपाळाला लागलेला काळा डाग ते बराच वेळ पुसत नसत. कुणीतरी बघायला हवं ना!

पहिली काही वर्षं गाडी कुरकुरली नाही. मग एका दसऱ्यानंतर तिने असे काही रंग दाखवायला सुरुवात केली की विचारू नका. जिथे उभी राहील तिथे तेलाचं थारोळं. इंजिनाच्या पुढून, मागून, खालून, जिथे म्हणून सांधा आहे तिथून तेल पाझरायचं. ताईची एक जुनी परात कायमची गाडीखाली गेली. पाहुणे यायचे असले की ती तेवढ्यापुरती माडाच्या बुंध्याशी लपवायची. विजेची तऱ्हा तर त्याहून न्यारी. हॉर्न वाजवला की पुढचे दिवे मिणमिणत आणि काच पुसायची पट्टी आपणहून एकदा हलून थांबे. दिवे लावले की इंजिन आचके देई. यावर अण्णासाहेबांचं निदान ठरलेलं होतं. विलायती गाडीला आपल्याकडची हवा मानवत नाही, म्हणे. आणि उपाय काय, तर गळतंय म्हणून वरून आणखी तेल ओतायचं आणि दिव्याचे बल्ब बदलत राहायचं. कोर्टात अशा पुराव्यावर त्यांनी समोरच्या वकिलाला फाडून खाल्लं असतं.

मी वीजघरातला माणूस. एकाची कळ दाबल्यावर दुसरंच हलतं याचा अर्थ वीज परतीची वाट चुकली आहे, हे मला झोपेतही कळतं. मोटारीत ती वाट गाडीच्या लोखंडातून जाते. ते शहाडला आमच्या घरी आले असताना मी एवढंच म्हटलं, की मला जरा आतलं अर्थिंग बघू द्या. अण्णासाहेब हसले. माझं शहाणपण वीजघराच्या भिंतीआड शोभतं असं काहीसं बोलले, आणि वर आईकडे बघितलं. आईने मला आत बोलावून दटावलं. जावयाच्या वस्तूला हात लावायचा नाही, जावयाला चारचौघांत शिकवायचं नाही, आणि तेही बायकोच्या धाकट्या भावाने तर मुळीच नाही. आमच्या घरात जावई चुकत नसे. त्याच्यासाठी चांदीचं फुलपात्र निघे, पाट निघे, आणि तो आपलं अज्ञान पाजळत असला तरी सगळे माना डोलावत. आईला तर त्या मोटारीचा मुलीपेक्षा अधिक अभिमान होता. दारात जावयाची गाडी उभी आहे एवढ्यानेच ती आठवडाभर शेजारणींशी हसून बोलत असे.

त्याच आईने अंथरूण धरलं आणि डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा मी ठाण्याला माणूस पाठवला. मिळेल त्या आगगाडीने ताईला पाठवून द्या, असा स्पष्ट निरोप होता. दुपारीच पोचला. ताई नेसत्या लुगड्यानिशी स्टेशनवर जायला निघाली होती. पण सासू शेवटच्या घटका मोजतेय आणि जावई लोकांबरोबर रेटारेटी करत येतो, हे अण्णासाहेबांना कसं खपावं... त्यांनी गाडी काढली. मुंब्र्याच्या चढावर दिवेलागण झाली, दिवे लावले, आणि इंजिनाने जीव सोडला. खाली तेल, वर अंधार. ताईने मला पुढे सांगितलं, स्टेशन तिथून दिसत होतं.

“अहो, मला एकटीला तरी आगगाडीत बसवून द्या,” ती म्हणाली.

“मी जावई आहे त्या घरचा,” अण्णासाहेब म्हणाले. “गाडी रस्त्यात टाकून तुला भिकारणीसारखी पाठवू?”

आणि ताई बसून राहिली. इकडे आई रस्त्यावर कुठलाही हॉर्न वाजला की डोळे उघडायची. “आली का रे गाडी?” विचारायची. मी नाही म्हटलं की समजुतीने मान हलवायची, जणू उशीर होणं हेही जावयाच्या इतमामाला धरूनच. पहाटे ती गेली. एका ट्रकने ओढून आणलेली ती गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा ताईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तशीच आत गेली.

त्यानंतरही अण्णासाहेब दर रविवारी गाडीखाली शिरत राहिले, पण व्याख्यान बंद झालं. कुणी म्हणेल पश्चात्ताप झाला असेल. असेलही. माझ्याजवळ तो त्यांनी एका शब्दानेही बोलून दाखवला नाही, त्यामुळे त्याचं श्रेय मी त्यांना देणार नाही.

तेराव्यानंतर ताईला चार दिवस माहेरी न्यायला मी गेलो. ती आतून किल्ली घेऊन आली आणि म्हणाली, “वसंता, आता तू बघ.” मी बॉनेट उघडलं. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते; तिच्यातून तेलकट वाफ येते. त्या वाफेचा वास कोर्टाच्या काळ्या कोटाला लागतो म्हणून अण्णासाहेबांनी त्या नळीत जुन्या उपरण्याची चिंधी ठासून बसवली होती. कोंडलेल्या इंजिनाने मग जिथून वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकललं. आणि परतीच्या विजेची तांब्याची पट्टी? खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, तर लोखंड उघडं कसं दिसावं म्हणून त्यांनी ती पट्टी सोडवून, खाली काळ्या ऑइलपेंटचा जाड थर देऊन, वर पुन्हा नेटकी आवळली होती. रंगातून वीज जात नाही, हे त्यांना कुणी सांगायचं? मी चिंधी उपसली, रंग खरवडला, पट्टी पुन्हा आवळली. सगळं होईतो ताईने मला दिलेला चहा पुरता निवलाही नव्हता. ती पायरीवर उभी राहून बघत होती. मी हॉर्न दाबला, दिवे लावले. दिवे स्थिर राहिले.

“एवढंच होतं?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं की काय, कोण जाणे. तिने पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. कळव्याचा पूल झाला, मुंब्र्याचा चढ गाडीने एका दमात घेतला. तिथे तिने स्टेशनकडे बघितलं नाही, मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. शीळ, कल्याण, आणि मग नदीच्या बाजूचा आमचा रस्ता. मी दारात गाडी उभी केली. माझी बायको भाकरतुकडा ओवाळून टाकायला बाहेर येऊन थांबली. ताई काही उतरेना. समोर आईच्या खोलीची खिडकी उघडी होती.

“इतक्यात आलो?” ती म्हणाली.