बारवेचा दोर

आमचं गाव तीन बाजूंनी डोंगरांत, खोलगट ताटात ठेवल्यासारखं. पारनेरकडून घाट उतरलं की आधी वेस, मग बाजारपेठ आणि पेठेच्या तोंडाशी बारव. पूर्वी मिठाचे, धान्याचे तांडे बैल घेऊन घाट उतरत. त्या बैलांसाठी म्हणे ही बारव खोदली आणि तिच्याभोवती गाव वसलं. ती कधी आटली नाही, असं मला लग्नातच ज्यानं त्यानं ऐकवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात ती आटली. पायऱ्या संपल्या आणि त्यांच्याखाली कुणी न पाहिलेला कातळ उघडा पडला. तळाच्या कपारीत वाटीनं भरावं एवढंच पाणी. गल्लीतल्या बायका कमरेला दोर बांधून एकीला खाली सोडायच्या, अंगानं हलकी असेल तिला. शेजारची सून कातळावर आपटली, ती अजून अंथरुणातच होती. म्हणून आता मी.

मला दिवस गेले होते. आमच्याकडे तिसरा महिना सरल्याशिवाय हे कुणी बोलत नाही, दृष्ट लागते म्हणतात. मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. खाली नुसता काळोख दिसत होता. सांगावं तर भीती, न सांगावं तर त्याहून मोठी भीती.

दोर माझ्या पोटाला लागणार, तोच मागून सासूबाई म्हणाल्या, "थांबा. ती बाहेरची हाय. पान्याला शिवायची न्हाई."

बायका झटकन मागे सरल्या. "आधी सांगायचं न्हाई व्हय? आता अंगुळीला पानी कुठनं आनायचं?" एक जण करवादली.

मी बाहेरची नव्हते. गेले दोन महिने मी बाजूला बसलेच नव्हते आणि घरात हे ध्यानात ठेवणारं माणूस एकच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेली ती बाई. तिनं पदर खोचला आणि दोर स्वतःच्या कमरेला बांधला.

त्या माझ्या दीडपट वजनाच्या. दोर ओढायला हात कमी पडत होते. मी पुढे झाले तशी एक जण म्हणाली, "लांब ऱ्हा. दोराला शिवू नगंस." दोर काठावर करकरत होता आणि मी वेशीला टेकून नुसती बघत होते.

त्या वर आल्या तेव्हा गुडघे सोललेले होते. मला न शिवता जवळून जाताना पुटपुटल्या, "चार दिस बाजूला बस आता. गुमान."

ते खोटं आम्हाला चार दिवस निभवायचं होतं. मी गोठ्याशेजारी बसून राहायचे. सकाळी त्या दोर घेऊन निघाल्या की परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.