चार बोटांची शेपूट

तलवाड्याच्या आमच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलं, की पहिल्याच आठवड्यात त्याची शेपूट विळ्याने छाटायची आणि वर हळद-राख दाबायची. शेपूट गेली की कुत्रं तिखट होतं, अशी सगळ्यांची खात्री. माझे दीर तर म्हणत, "तहसिलीतून पिकं तपासायला आलेल्या गिरदावराचा घोडा दारात अडला पाहिजे, तवा ते कुत्रं." आमच्या काळ्या पिल्लाला मीच मांडीवर घट्ट धरलं होतं. माहेरी वडिलांनी अक्षर शिकवल्यामुळे घरच्या कामांची यादी माझ्याकडे असे. त्या दिवशीच्या यादीत दावी वळणे आणि तुरीला ऊन देणे यांच्या मधे 'पिल्लाची शेपूट' असं लिहिलेलं होतं. काम झालं, मी त्यावर रेघ ओढली.

दोन वर्षांनी त्या रेघेची आठवण झाली.

रब्बी निघाली, की दरसाल एक धनगर कुटुंब आमच्या रानात मेंढ्या बसवायला येई. दहा-बारा दिवस कळप रानात मुक्काम करी, लेंड्यांचं खत जमिनीला मिळे आणि आम्ही त्यांना ज्वारी देत असू. त्या साली पहिल्याच सकाळी आमचा काळा त्यांच्या कुत्र्यांशी भिडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्याने त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीचा कान फाडला. धनगरीण माझ्याच वयाची, बोलायला सरळ. म्हणाली, "बाई, तुमचं कुत्रं तरी ऱ्हाईल न्हाईतर आमी. उमापूरवाले कवाचं बोलवायलेत."

खालचं रान खतावाचून राहणं परवडणारं नव्हतं. दिरांनी लगेच ठरवलं: बाजाराच्या दिवशी बैलगाडीत घालून कुत्रं गोदावरीच्या काठी न्यायचं आणि होडीतून पलीकडे सोडून यायचं. परक्या गावच्या कुत्र्यांत ते आठ दिवससुद्धा टिकलं नसतं. बाजाराला चार दिवस होते.

मी धनगरणीला विचारलं, "असा कावून करतो गं हा? आमच्या अंगणात तर पोरं याच्या पाठीवर बसतात."

"मुकं केलंय तुमी त्याला," ती म्हणाली. "कुत्रं शेपटीनं बोलतंय. ह्याला बोलायला ठिवलंय काय तुमी?"

त्या दिवसापासून सकाळची कामं उरकली, की मी बांधावर तिच्याशेजारी बसू लागले. वहीच्या मागच्या पानावर 'शेपट्या' असं लिहिलं. मला वाटे, हलली म्हणजे कुत्रं खूश. ती हसली. "गावात समदे तसंच समजत्यात अन् चावून घेत्यात." शेपूट उंच, काठीसारखी ताठ आणि नुसतं टोक थरथरतंय, तर पाय पुढे टाकायचा नाही. खाली सैल, रुंद हेलकावे आणि सोबत कंबरही डुलतेय, तर ते राजी आहे. पायांत गेली म्हणजे भ्यालं. त्याला कोपऱ्यात गाठायचं नाही, भ्यालेलंच आधी चावतं. आणि प्रत्येक कुत्र्याची शेपूट एरवी कुठे असते ते आधी पाहून ठेवायचं, नाहीतर उंच काय नि खाली काय, कशावरून ठरवणार? हे शेवटचं मी दोनदा लिहिलं.

मग आमच्या काळ्याकडे बघायला लागले. चार बोटांचं थोटूक. दुरून काहीच दिसत नव्हतं. जवळून मात्र दिसलं: धनगराची कुत्री समोरून आली, की थोटूक खाली घट्ट चिकटायचं आणि पाठ वाकायची. म्हणजे तो तिखट नव्हताच. तो भीत होता, आणि ते त्या कुत्र्यांना दुरून कळायची सोय मी ठेवली नव्हती.

मी हे सांगितल्यावर धनगरणीने वाकून थोटूक पाहिलं. मग म्हणाली, "तोंडातोंडी गाठच पडू द्यायची न्हाई. संगं चालवू."

दोन दिवस आम्ही दोघी बांधाने फिरलो. तिच्या हातात म्हाताऱ्या कुत्रीचा दोर, माझ्या हातात काळ्याचा. दोघांची तोंडं एकाच दिशेला. आधी दोन दोरखंडांचं अंतर, मग एक, मग हातभर. गावातल्या बायका विचारत, "देवदर्शनाला निघाला का चौघं?"

बाजाराच्या सकाळी दिरांनी गाडी जुंपली आणि रानात आले. मी म्हटलं, "एवढं बघा, मग न्या." दोर सोडला. म्हातारी कुत्री शेपूट ताठ उभारून निघाली. काळा थांबला, आणि समोर न जाता आडवा वळला. थोटूक खाली, पण कंबर डुलत होती. ती त्याच्या बाजूने आली, हुंगलं, पुन्हा हुंगलं. तिची शेपूट हळूहळू उतरली आणि रुंद हलायला लागली.

"मंग बैल कावून जुपले म्या?" दीर म्हणाले.

"बाजार आहे ना. मीठ आणा, आणि सुंभ." यादी हातातच होती.

पुढच्या साली धनगरीण आली ती ओटीत एक काळं पिल्लू घेऊन. त्या म्हाताऱ्या कुत्रीचं. "तुमच्याच घरचं हाय, बघा तोंड," म्हणाली. दीर सवयीने विळा घेऊन आले. त्यांना वाचता येत नसे, म्हणून मी यादी मोठ्याने वाचली: "पिल्लाची शेपूट राहू द्यायची."

"अन् तिखट कसं व्हायचं ते?"

"तुम्ही आहात की घरात," मी म्हटलं.

ते पुटपुटत विळा घेऊन गवताला गेले. पिल्लू ओट्यावर आपल्याच शेपटीमागे गोल फिरत होतं. मी त्या ओळीवर रेघ ओढली नाही.