दिवाळीचं ताट, नाताळला परत

दिवाळीच्या फराळाचं ताट मार्थाबाईकडे गेलं की ते नाताळापर्यंत परत यायचं नाही. रिकामं ताट परत करायची रीत आमच्या चाळीत नव्हती, हे खरं. पण बाकीच्या बायका दुसऱ्या दिवशी चिमूटभर साखर घालून ताट आणून द्यायच्या. ही बाई सगळ्या चाळीची ताटं आपल्या फळीवर रचून ठेवायची. पहिल्या वर्षी मी मागायला गेले. म्हटलं, "मार्थाबाई, ताटावर आमचं नाव कोरलंय, तुमचं नाही." ती म्हणाली, "व्हय की. म्हणून तर चुकणार न्हाई. नाताळाला तुमच्याच दारात येईल." मी हात हलवत परत आले. बाई चिकट आहे, असं माझं मत झालं.

चिंचवडला नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. आमची चाळ पत्र्याची होती आणि सगळ्यांना मिळून एकच नळ होता. माझा नवरा आणि मार्थाबाईचा नवरा दानियलभाऊ एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. ती माणसं नगरकडची. चाळीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच. मार्थाबाई उंच, हाडापेराने मोठी, दात जरा पुढे. हातात सुई नसली तर दाभण असायचं. नुसती बसलेली मी तिला कधी पाहिली नाही.

नाताळच्या सकाळी ताटं परत यायला लागली, तेव्हा कळलं दोन महिने ही काय करत होती ते. ताटात चार करंज्या, थोडी चकली आणि तिच्या हातची एक वस्तू. विकतचं काही नाही. दानियलभाऊ कंपनीतून टाकाऊ कॉटन वेस्ट मागून आणायचा. म्हणजे मशीन पुसायचा सुताचा गुंता. दुपारी ही त्यातले धागे एकेक करून सोडवायची, धुवायची, जोडायची. रंगीत धाग्यांची टोपी विणून तिने शेजारच्या जैतूनबीच्या नवऱ्याला दिली. पांढऱ्या धाग्यांच्या वाती वळून मला दिल्या, देवापुढे लावायला. मी म्हटलं, "अहो, तुमच्या हातच्या वाती आमच्या देवाला चालतील का?" ती म्हणाली, "ते मला काय ठावं? तुमचा देव, तुमीच इचारा." मी विचारलं नाही. लावल्या. चांगल्या जळल्या.

पुढे खोक्याच्या फळ्यांचा पाट आला. त्यावर कंपनीची अक्षरं अर्धी तशीच होती, त्यामुळे आमच्या घरात जेवायला बसलेला माणूस 'सांभाळून उचला'वर बसायचा. जैतूनबी म्हणायची, "इंदू, तेरे घर का तो मेहमान भी पार्सल है." मार्थाबाईला या थट्टेचं काही वाटायचं नाही. ती म्हणायची, "विकतचं दिलं तर दुकानदाराची याद राहते. आपली कशाला राहील?" आणि काय द्यायचं ते कसं सुचतं, असं विचारलं तर म्हणायची, "सुचतंय कुठं? कुनाच्या घरात काय न्हाई ते बघायचं. मग हात चालतो."

मग संपाचं साल आलं. किती महिने चालला ते सांगत बसत नाही. चुली एकवेळच्या झाल्या होत्या, एवढं पुरे. चाळीतले सगळे संपावर, एक जगदाळे सोडून. तो दगडफेकीच्या भीतीने जाळी लावलेल्या कंपनीच्या गाडीत बसून कामावर जायचा. त्याची बायको कुसुम, खेडची पोर, पदरात वर्षाची मुलगी. चाळीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. कुसुम नळावर आली की बायका हंडे सरकवायच्याच नाहीत. तिचा नंबर यायचा नाही आणि पाणी जायचं. शेवटी ती रेल्वेलाइनीपलीकडच्या विहिरीवर जायला लागली, कडेवर पोर आणि डोक्यावर हंडा. हंडे न सरकवणाऱ्यांत मी पहिली होते. माझी पोरं उपाशी झोपत होती. ते बरोबर होतं की चूक, हे मी आता ठरवायला बसत नाही.

त्या दिवाळीला आम्ही एकमेकींकडे मूठमूठ शंकरपाळे पाठवले. कुसुमचं ताट कुणाकडे गेलं नाही. तिची छातीच झाली नसेल. नाताळ जवळ आला, तशी मार्थाबाई एक दिवस उन्हातून सरळ तिच्या दारात गेली. सगळी चाळ बघत होती. "कुसुम, ताट दे." कुसुम आत बघायला लागली. "मावशी, थांबा, काहीतरी घालून देते. रिकामं कसं देऊ?" "रिकामंच दे. भरायला मी हाय ना."

नळावर मी तिला सगळ्यांदेखत सांगितलं, "मार्थाबाई, तिच्या घरी ताट गेलं तर माझं ताट तुमच्याकडेच ठेवा. मला नको." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दानियलभाऊ पण घरी तिच्यावर ओरडला. पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. "अगं, युनियनमधे मला तोंड दाखवायचंय! लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "ताटं घासतं कोन? मी. मग ताट कुनाला द्यायचं ते मी ठरवीन. तुमी तुमचा संप बघा." अख्ख्या चाळीत एकटं घर त्यांचं. चाळीने तिलाही टाकलं असतं, तर तिला जायला दुसरी जागा नव्हती. हे तिला कळत होतं आणि मलाही.

त्या वर्षी कंपनीतून चिंधीसुद्धा आली नव्हती. द्यायला हिच्याकडे होतं काय? नाताळच्या सकाळी ती माझ्या दारात आली, हातात दोन ताटं, एकावर एक. वरचं माझं. त्यात एकच करंजी आणि पांढऱ्या कापडाची गच्च वळलेली चुंबळ, डोक्यावर हंड्याखाली ठेवायची. कडेला बारीक रुपेरी काठ. मी तो काठ ओळखला. त्यांच्यात लग्नाला पांढरी साडी नेसतात, ती तिने एकदा मला पेटीतून काढून दाखवली होती.

"लग्नाची साडी फाडलीत?"

"पेटीत ठेवून कसरीला घालू का?"

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. मी विचारलं, "खालचं ताट कुणाचं?"

"कुसुमचं. तिच्याकडं मागनं जाते. आधी तुमच्याकडं आले. नको म्हनायचं असंल तर आत्ता म्हना, चोरून न्हाई द्यायची मी."

मी हात पुढे केला नाही. ती उंबऱ्याबाहेर बसली, ताटं मांडीवर. रागावली नाही. म्हणाली, "इंदूबाई, आमच्या गावात आमच्या मान्सांना विहिरीवर चढू देत नव्हते. माझी आई लांब घागर ठेवून उभी राहायची. कुनी वरनं ओतलं तर पानी. कुनी न्हाई ओतलं तर तशीच माघारी. मी तिच्या पदराला धरून उभी असायची. जगदाळ्यानं काय केलं ते त्याला इचारा, चार शिव्या द्या, मी पन देते. पन पान्यावरनं बाई माघारी जाते, ते माझ्यानं बघवत न्हाई."

मी ताट घेतलं. पाझर फुटला म्हणून घेतलं, असं कुणी समजू नये. ती तिथून उठली नसती आणि मला दार लावता आलं नसतं. पण घेतलं. माझ्या दारातून ताट आत गेलेलं बघून बाकीच्यांनीही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गेलो, तर सगळ्यांच्या डोक्यावर तीच पांढरी चुंबळ, तोच काठ. जैतूनबी म्हणाली, "हाय अल्ला, सगळ्या एकाच नवऱ्याच्या दिसतो!" हसू थांबेना. तेवढ्यात कुसुम आली आणि लांबच उभी राहिली. तिच्याही डोक्यावर तीच. हसणं बंद झालं. मार्थाबाई रांगेत मागे होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. माझा हंडा नळाखाली होता, अर्धा भरलेला. मी तो ओढून बाजूला घेतला. कुसुमने आपला लावला. एवढंच. तिच्याशी बोलायला मला पुढे कितीतरी दिवस लागले आणि जगदाळेशी माझा नवरा मरेपर्यंत बोलला नाही.

दानियलभाऊ निवृत्त झाला, तेव्हा त्यांनी गावाकडे जायचं ठरवलं. दिवाळी नुकतीच झाली होती. टेम्पो भरत होते आणि मार्थाबाई दारोदार ताटं परत देत फिरत होती, साखर घालून. वस्तू करायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून तोंड उतरलेलं. माझ्या दारात आली तेव्हा मी ताट घेतलं नाही.

"अहो, घ्या की. मी चालले."

"नाताळ झालाय का?" मी म्हटलं. "मग आत्ता कशाला आणलंत?"

ती ताट पदराखाली घेऊन टेम्पोत जाऊन बसली.

पुढच्या उन्हाळ्यात ती वारल्याचं कळलं. आता आम्ही चाळीत राहत नाही. सून म्हणते, "आई, सहाच्या सेटमधलं एक ताट कमी आहे, तसलंच आणू का?" मी म्हणते, नको. हरवलेलं नाही ते. नगरकडे आहे.